तिसऱ्यांदा हो

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मागे तीनदा सुरू केली होती, प्रत्येक वेळी लोकांमुळे बंद पडली. या वेळी कारण मोठं आहे, त्यामुळे बंद पडणार नाही.

कारण असं. सकाळी सलूनमध्ये नंबर यायचा होता म्हणून एक जुनं मासिक चाळत बसलो. त्यात लेख. जगातल्या एकमेकींशी काडीचंही नातं नसलेल्या भाषांमध्ये एक शब्द जवळजवळ सारखाच सापडतो म्हणे. कुठला? देव नाही, पाणी नाही, आई नाही. तर 'अं?' समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही की माणूस जे म्हणतो ते. डोंगरातला म्हणतो, बेटावरचा म्हणतो, वाळवंटातला म्हणतो. कुठे 'हं?', कुठे 'आ?', कुठे 'ए?', पण भुवया सगळ्यांच्या तशाच वर.

अंगावर काटा आला. हा शब्द तर मी उठल्यापासून झोपेपर्यंत वापरतो! आणि घरात कोणाला त्याची किंमत नाही.

पान उलटणार तेवढ्यात न्हावी एकदम येऊन खांदा हलवायला लागला. माझा नंबर आला होता. आजकाल लोक हाक मारायचे कष्टच घेत नाहीत. पुढचं पान वाचायचं राहिलं. हरकत नाही. अर्ध्या लेखावरून उरलेला लेख ओळखता येतो, त्यालाच व्यासंग म्हणतात.

संकल्प: 'अं?' या शब्दाचं मूळ आणि अर्थ, यावर ग्रंथ. रोज एक पान. वर्षअखेरीस जाडजूड होईल.

५ फेब्रुवारी

पान झालं नाही. फॅक्टरीत दिवस वाईट गेला.

कामाबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. आमची कपबश्यांची फॅक्टरी. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप शेवटी माझ्याकडे येतो. मी त्याला लाकडी दांडीनं हळूच ठोकतो. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, केसाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. मग तळाला लाल खडूनं फुली. फुलीचे कप दिवसभर क्रेटमध्ये जमवायचे आणि सुट्टीच्या आधी एकेक करून लोखंडी पेटीत टाकून फोडायचे. तडा गेलेला कप आमच्या नावानं बाहेर जाता कामा नये, हा मोठ्या मालकांच्या वेळेपासूनचा नियम. फोडण्याचं काम मी स्वतः करतो. त्यात एक समाधान असतं.

माझ्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना जाड फेल्ट, दार तिजोरीसारखं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. कोणाला मला बोलवायचं असेल तर बाहेरून बटण दाबतात, आत दिवा लागतो. सगळे या खोलीला डबा म्हणतात. माझ्या पदाचं नाव चेकर. मी स्वतःपुरतं नादपरीक्षक म्हणतो.

तर आज निम्मा माल बद्द. पूर्वी क्रेटभर कपांत एखादा निघायचा. गेली दोन वर्षं भट्टीचं काही खरं नाही. भट्टीचे प्रमुख म्हणजे आमचे व्याही. आमची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिली आहे, चार गल्ल्या सोडून. त्यामुळे तोंड उघडता येत नाही. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. नातं डब्याच्या दाराबाहेर. फुल्या मारल्या, फोडले.

घरी आलो तर ही रुसलेली. टीव्हीच्या आवाजावरून शेजारी पुन्हा येऊन बोलून गेले म्हणे. मी काय करू? बातम्या देणारे हल्ली पुटपुटतात.

७ फेब्रुवारी

ग्रंथाचा आराखडा. प्रकरण पहिलं, मूळ. प्रकरण दुसरं, अर्थ. प्रकरण तिसरं सुचेल.

मुळाबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. शब्द आपलाच. आपल्याकडून निघून तो व्यापाऱ्यांबरोबर, खलाशांबरोबर जगभर गेला. पुरावा अजून नाही, पण पुरावा नंतर सापडतोच, आधी मत लागतं.

अर्थाबद्दल हिला सहज विचारलं. ही म्हणाली, दोन अर्थ आहेत. एक, ऐकू आलं नाही. दुसरा, ऐकू आलं पण ऐकायचं नाही. तुमचा कुठला ते मला अजून कळलेलं नाही. ही रागावली की हिचे उच्चार एकदम स्पष्ट होतात. दुसरा अर्थ मी ग्रंथात घेणार नाही. शास्त्रीय नाही.

या निमित्तानं माझा एक जुना नियम लिहून ठेवतो. कोणी काही पुटपुटलं तर 'अं?' विचारावं. पुन्हा पुटपुटलं तर पुन्हा विचारावं. तिसऱ्यांदा मात्र विचारू नये, समोरच्याचा अपमान होतो. तिसऱ्यांदा 'हो' म्हणावं. लोकांना 'हो' ऐकायला आवडतं, आणि बहुतेक गोष्टींना 'हो' हेच उत्तर असतं. या नियमावर मी आजपर्यंत सुखानं जगलो आहे.

९ फेब्रुवारी

वाचनालयाच्या बोर्डावर माझं नाव! पंचवीस तारखेला, रविवारी संध्याकाळी, माझं व्याख्यान. विषय, 'एका जागतिक शब्दाचं मूळ आणि अर्थ'. अध्यक्ष, आमच्या फॅक्टरीचे साहेब.

मी कधी कबूल झालो आठवेना. मग आठवलं. परवा बसस्टॉपवर वाचनालयाच्या चिटणीसबाई भेटल्या होत्या. मी त्यांना ग्रंथाबद्दल सांगितलं. मग त्या काहीतरी बोलल्या, मागून ट्रक जात होता, आणि शेवटी मी 'हो' म्हणालो होतो. म्हणजे नियम किती फलदायी आहे पाहा.

संकल्प: भाषण पाठ करायचं. रोज आरशासमोर.

१२ फेब्रुवारी

पुरावा सापडला!

भट्टीचं तापमान दाखवणारं नवं यंत्र बसवायला परदेशी इंजिनियर आला आहे. त्याच्या भाषेचा आणि आपल्या भाषेचा कुठूनही संबंध नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, काय, घरी सगळे बरे आहेत ना? त्यानं मान पुढे काढली, भुवया वर केल्या आणि म्हणाला, 'अं?'

मी त्याला मिठीच मारली. मग तो काहीतरी बोलला. मी म्हटलं, 'अं?' तो हसला. मग मी बोललो, तो 'अं?' म्हणाला. असा आमचा दहा मिनिटं उत्तम संवाद झाला. घरातसुद्धा इतका होत नाही.

व्याही लांबून बघत होते. चेहरा पडलेला. माल सुधारत नाही म्हणून साहेबांनी झापलं असावं. वाईट वाटलं. पण मी काय करणार? आजही निम्मा क्रेट फोडला.

१५ फेब्रुवारी

भयंकर शोध.

संध्याकाळी आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. व्याहीणबाईंनी चहा दिला. कप हातात घेतला आणि वाहवा केल्याशिवाय राहवेना. पातळ कड, सुंदर चकाकी, कुठे टिपका नाही. मी व्याह्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, याला म्हणतात कप. असा माल पूर्वी निघायचा आपल्याकडे. हल्ली कुठे बघायला मिळतो? व्याहीबुवा खाली बघत राहिले. व्याहीणबाईंनी ओठ दाबले. जावईबापू उठून आत गेले. मी चहा संपवला आणि कप उलटा केला.

तळाला लाल फुली. माझ्या हातची!

ट्रेमधले सगळे कप नजरेनं तपासले. संशय असाच की सगळे फुलीचे. म्हणजे मी फोडायला ठेवलेला माल क्रेटमधून बाहेर निघतो आहे आणि आमच्याच व्याह्यांच्या घरात त्यातून चहा पितात. चोरी! मोठ्या मालकांच्या नियमाचा खून!

व्याही माझ्याजवळ सरकून काहीतरी सांगू लागले. नातवंडांचा दंगा, वर पंखा. दोनदा विचारलं, मग 'हो' म्हणालो. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. माझ्या मनात मात्र वादळ.

घरी येताना ही म्हणाली, व्याह्यांनी तुम्हाला सांगितलं ना, ते कप तीन महिने वापरतायत, एकालाही तडा नाही म्हणून? मी म्हटलं, चोर असंच बोलणार.

१६ फेब्रुवारी

कर्तव्य की नातं? दिवसभर डब्यात बसून विचार केला. भिंतींकडे बघून आज पहिल्यांदाच कोंडल्यासारखं वाटलं.

चार वाजता साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. नाव न घेता सांगणार होतो. पण साहेबांनी विचारलं, कोण? तेवढं नेमकं ऐकू आलं. सांगून टाकलं. वर हेही सांगितलं की भट्टी दोन वर्षं बिघडली आहे, आणि मी व्याही म्हणून गप्प होतो.

साहेब खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि बोलले. मी म्हटलं, 'अं?' ते पुन्हा बोलले. खाली ट्रकमध्ये माल चढवत होते. मी म्हटलं, 'अं?' तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा मी म्हणालो, हो. चहा घेणार का असं विचारत असावेत. चहा आला नाही.

पण मन हलकं झालं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज जे घडलं त्यावरून या जगात कोणाला कोणाची पर्वा नाही हे सिद्ध होतं.

शनिवारी अर्धा दिवस. मी डब्यात भाषण पाठ करत होतो. आवाज छान घुमत नाही तिथे, पण एकांत असतो. पाठ करून दार ढकललं तर बाहेरून कुलूप. बटण बाहेर, दिवा आत, म्हणजे मी कोणाला बोलावूच शकत नाही. सव्वीस वर्षांत ही अडचण लक्षात आली नव्हती.

हाका मारल्या. दारावर दांडी आपटली. मग बूट आपटला. फेल्ट सगळं गिळून टाकत होतं. मी इतका ओरडलो की घसा बसला, आणि दाराच्या त्या बाजूला, हाताच्या अंतरावर, कोणाला काही पत्ता नव्हता. भीती वाटली. खरं सांगायचं तर फार भीती वाटली. इतकं बोलायचं आणि कोणापर्यंत पोचायचंच नाही म्हणजे काय, ते अंगावर आलं. हिची आठवण आली. का ते कळलं नाही.

संध्याकाळी हिनंच फोनाफोनी केली आणि वॉचमन येऊन कुलूप काढून गेला. मी त्याला फैलावर घेतलं. तर तो म्हणतो, मी दारात उभं राहून तीनदा विचारलं, कुलूप लावू का म्हणून. तुम्ही आधी दोनदा 'अं' केलंत, मग माझ्याकडे न बघताच 'हो' म्हणालात.

खोटारडा.

१८ फेब्रुवारी, रविवार

विश्रांती. लेक आली होती. माझ्या कोंडण्याची चौकशी करायला आली असणार, गुणाची आहे. गॅलरीत माझ्या शेजारी बसली. रस्त्याकडे बघत बराच वेळ हळूहळू बोलत होती. लहानपणापासून तिचा आवाज असाच मऊ. मी तिच्याकडे बघत बसलो, बरं वाटत होतं. मग तिनं माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. दोनदा विचारायला लावलं तिला. मग म्हटलं, हो.

ती उठून गेली. डोळ्यांत पाणी होतं. सर्दी झाली असावी.

तोच दिवस, रात्री जेवणानंतर

सर्दी नव्हती.

हिनं समोर बसवून सांगितलं. उच्चार अतिशय स्पष्ट. साहेबांनी व्याह्यांना महिनाअखेरीस कामावरून कमी केलं आहे. शुक्रवारी साहेबांनी मला विचारलं होतं, म्हणजे तुमच्या मते यांना ठेवण्यात अर्थ नाही? आणि मी म्हणालो होतो, हो. केबिनबाहेरच्या क्लार्कनं ऐकलं, सगळ्या फॅक्टरीला सांगितलं.

व्याह्यांच्या भावाची दुसऱ्या गावी कौलांची भट्टी आहे. सगळे तिकडे जाणार. जावईसुद्धा, लेकसुद्धा, नातवंडंसुद्धा. लेकीनं गॅलरीत हेच सांगितलं. आणि शेवटी विचारलं, बाबा, आम्ही गेलो तर तुम्हाला चालेल का?

मी म्हणालो, हो.

ही म्हणाली, आता तरी डॉक्टरकडे चला. मी दोन वर्षं ओरडून ओरडून भांडखोर झाले. शेजाऱ्यांना वाटतं, मी तुम्हाला रोज शिव्या देते. मला एकदा माझ्या नेहमीच्या आवाजात तुमच्याशी बोलायचंय. हे सांगताना हिचा आवाज फुटला.

मी म्हटलं, माझ्या कानाला काही झालेलं नाही. कान हा माझा धंदा आहे. आणि उठून दिवा घालवला.

१९ फेब्रुवारी

सगळं निस्तरायचं ठरवलं. भट्टी वाईट आहे हे खरं, चोरी तर आहेच, पण लेक जाता कामा नये. साहेबांना सांगायचं, दया दाखवा.

साहेब गोदामात भेटले. पुढे चालत होते, मी मागे. मी सांगितलं, व्याह्यांचा विचार व्हावा. साहेबांनी चालता चालता काहीतरी विचारलं. 'अं?' पुन्हा विचारलं. 'अं?' तिसऱ्यांदा, नियमाप्रमाणे. साहेब थांबले, माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं आणि निघून गेले.

दुपारी क्लार्क म्हणाला, कमाल आहे तुमची. आठवडा आधीच घालवलंत की त्यांना! साहेबांनी विचारलं होतं, महिनाअखेरपर्यंत थांबायची गरज नाही असं म्हणायचंय का?

तीन दिवस कोणाशीही बोलायचं नाही असं ठरवलं आहे. कानाला खडा.

२१ फेब्रुवारी

हिच्या समाधानासाठी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. माझी काही ना नव्हती. ही रडली म्हणून गेलो असं नाही.

तिथेही डबा! भिंतींना फेल्ट, जाड दार, खिडकी नाही. मला आत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. दार लावून घेतलं.

मी तयारीत बसलो. कान टवकारून. अधूनमधून गुरगुरल्यासारखा जाड आवाज यायचा तेव्हा दाबलं. बाकी बराच वेळ नुसतं शांत. शिट्ट्या सुरू व्हायची वाट बघत होतो. काचेतून डॉक्टरबाई दिसत होत्या, यंत्रावर बोटं फिरवत होत्या. यंत्र बंद पडलं असावं. बाईंना वाईट वाटू नये म्हणून अंदाजानं दोनचारदा दाबलं.

मग दार उघडलं. म्हटलं, करा सुरू. त्या म्हणाल्या, झाली तपासणी.

कागदावर रेघ काढून दिली आहे. डावीकडून बरी सुरू होते आणि उजवीकडे घसरत घसरत खाली. बारीक, उंच आवाज गेलेत म्हणाल्या. जाड ऐकू येतात. म्हणून कोणी बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मशीन लावायला सांगितलं. साहेबांच्या केबिनमध्ये विक्रीचा आलेख अगदी असाच घसरलेला आहे, त्यांना कोणी मशीन लावायला सांगत नाही.

हिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, व्याख्यान होऊ दे, मग बघू.

२३ फेब्रुवारी

व्याह्यांचा शेवटचा दिवस. भट्टीवाल्यांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. मी डब्यात होतो. बाहेर जायला हवं होतं. भाषण पाठ करायचं होतं म्हणून नाही गेलो.

आज फुल्या कमी मारल्या. मारल्या तेही कप फोडायला हात होईना, क्रेटमध्येच राहू दिले. निरोप म्हणून त्यांचा शेवटचा माल बराचसा तसाच पास केला. कर्तव्यात ही एवढीच कसूर.

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

दाढीला गेलो. तेच मासिक तिथेच. पुढचं पान वाचलं.

लेखक कच्चा आहे. म्हणे, हा शब्द एका भाषेतून दुसरीत गेलेला नाही. कोणी कोणाकडून घेतलेला नाही. प्रत्येक भाषेत तो आपापला तयार झाला, कारण सगळीकडे माणसांवर सारखीच वेळ येते. समोरचा बोलून थांबलेला असतो, आपल्याला कळलेलं नसतं, आणि ते चटकन सांगायला तोंडातून निघेल असा सर्वांत सोपा आवाज हाच. बस. ना खानदान, ना खलाशी, ना व्यापारी. जिथे कोणाला ऐकू आलं नाही, तिथे तो जन्मला.

म्हणजे या शब्दाचं मूळ काय, तर ऐकू न येणं? हे मी श्रोत्यांना सांगणार नाही. मासिक घडी करून खुर्चीच्या खाली सरकवून ठेवलं.

तोच दिवस, व्याख्यानानंतर

अभूतपूर्व! हा एकच शब्द योग्य आहे.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. साहेब अध्यक्षस्थानी. पहिल्या रांगेत ही. मागे भिंतीशी लेक, जावई, आणि आश्चर्य म्हणजे व्याही आणि व्याहीणबाईसुद्धा. सामानाची बांधाबांध सोडून आले. मोठं मन. मला भरून आलं.

तासभर बोललो. मूळ सांगितलं, खलाशी सांगितले. परदेशी इंजिनियरचा प्रसंग सांगितला तेव्हा लोक हसले. जगात भाषा हजारो, पण कोणी कोणाला समजलं नाही की सगळे एकाच भाषेत बोलतात, असं म्हणून मी थांबलो. टाळ्या.

मग चिटणीसबाईंनी खूण केली, प्रश्न विचारा. एक गृहस्थ उठले, काहीतरी बोलले. मी भुवया वर करून म्हणालो, 'अं?' सभागृहात हशा! त्यांना वाटलं मी प्रात्यक्षिक करून दाखवतोय. दुसऱ्या एक बाई उठल्या. 'अं?' आणखी मोठा हशा, टाळ्या. माझ्यासारखा वक्ता त्यांनी बघितला नसणार.

शेवटी भिंतीशी आमची लेक उभी राहिली. लेकीनं बापाच्या व्याख्यानावर प्रश्न विचारावा यासारखं सुख नाही. प्रश्न अर्थात विषयाला धरूनच असणार. मी म्हटलं, 'अं?' हशा झाला, पण थोडा. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, 'अं?' या वेळी कोणीच हसलं नाही. प्रात्यक्षिक तेच तेच झालं असावं. ती चालत चालत व्यासपीठाजवळ आली आणि तिसऱ्यांदा विचारलं. डोळ्यांत पुन्हा ती सर्दी.

मी नियमाप्रमाणे म्हणालो, हो.

सभागृह एकदम शांत. मग साहेब उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. लेकीनं व्यासपीठावर येऊन माझा हात धरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे मी कल्पनेतसुद्धा पाहिलं नव्हतं. ग्रंथाच्या दोन आवृत्त्या सहज निघतील.

ही मात्र तोंडाला पदर लावून बसली होती. आनंदानं.

२६ फेब्रुवारी

आज सुट्टी घेतली.

सकाळी ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ओरडली नाही. तोंड माझ्यासमोर धरून, एकेक शब्द सुटा करून बोलली. लेकीनं काल काय विचारलं ते मला माहीत आहे का? मी म्हटलं, मुळाबद्दल काहीतरी.

तिनं विचारलं होतं, बाबा, तुम्हाला आमचं कोणाचंच ऐकू येत नाही ना?

दीडशे लोकांसमोर. तीनदा.

 मग मी म्हटलं, मी ते कबूल करणारच होतो. योग्य वेळेची वाट बघत होतो. ही म्हणाली, हो का. पण हसली नाही, आणि उठूनही गेली नाही.

साहेबांनी रात्रीच व्याह्यांच्या घरी फोन केला होता. आज सकाळी दोघं डब्यात गेले. माझ्या क्रेटमधले फुलीचे कप एकेक करून वाजवले. व्याही बुधवारपासून पुन्हा भट्टीवर. बांधलेलं सामान सोडतायत. लेक इथेच आहे.

क्रेटमधले किती बद्द निघाले ते मी विचारलं नाही. हिनंही सांगितलं नाही.

१२ मार्च

मशीन येऊन चार दिवस झाले. दोन्ही कानांत. पहिल्या दिवशी नळ, चपला, वर्तमानपत्र, सगळं अंगावर धावून आलं. आमच्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे विसरलो होतो. हिला म्हटलं, ओरडू नकोस एवढी. तर ही म्हणाली, अगं बाई, हळू बोलायची सवयच गेली माझी.

माझी बदली पॅकिंगला झाली आहे. कप कागदात गुंडाळायचे. तिथे खिडकी आहे. मी हे काम स्वतःहून मागून घेतलं असं सांगतो आहे.

ग्रंथ सध्या स्थगित. सवड मिळत नाही.

आज सुट्टी झाल्यावर व्याही पॅकिंगमध्ये आले. मला डब्यात घेऊन गेले. दार लावलं. शेल्फवरून एक कप घेतला, दांडीनं ठोकला.

काय वाजला! इतक्या लांब, इतक्या बारीक सुरात वाजत राहिला की मी श्वास धरला. पूर्वी मला रोज हे ऐकू यायचं. कधी थांबलं, ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

मग आम्ही मागच्या दारानं बाहेर आलो. फॅक्टरीमागे लोखंडी पेटी रिकामी करतात तिथे फुटक्या कपांचा ढीग आहे. दोन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. उन्हात पांढराशुभ्र. कड कशी पातळ, चकाकी कशी, सगळं दिसत होतं. व्याही ढिगाकडे बघत होते. मी विचारलं, यातले खरंच तडा गेलेले किती असतील हो?

ते हळू आवाजात, माझ्याकडे न बघता बोलले.

ऐकू आलं. प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

मी म्हटलं, 'अं?'

त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. चला, चहा घेऊ, म्हणाले.